वेबसाइटला लावलेलं दुसरं कुलूप

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर बजावलं, प्रेरणादायी लिहा. म्हणजे बीडसारख्या गावात, वयाची पंचेचाळिशी उलटलेल्या टायपिंग क्लासवाल्या बाईनं वेबसाइट कशी बनवली, किती संकटं आली आणि ती कशी डगमगली नाही, असं काहीतरी. मी डगमगले नाही हे खरं आहे. डगमगायला आधी संकट आलंय हे कळावं लागतं, आणि माझी समज त्या बाबतीत जरा मागच्या बाकावर बसायची.

माझी नात आता पुण्यात हेच काम करते. कुठलं टूल बांधायला, कुठलं राखणीला, कुठलं पान लवकर उघडायला, याच्या याद्या करत बसते. परवा विचारत होती, आजी, तुझ्या वेळी कुठली टूल्स होती? मी म्हटलं, एक सीडी, एक स्कॅनर, एक टेलिफोन आणि भरपूर घमेंड. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

दोन हजार सालच्या आगेमागे आमच्या गावात जो तो जागतिक व्हायला निघाला होता. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले लोक एसटीडी बूथ टाकत होते आणि बूथवाले बूथ मोडून सायबर कॅफे टाकत होते. माझी टाइपरायटरं धूळ खायला लागली तसे मीही चार कॉम्प्युटर आणले आणि बोर्डावर 'टायपिंग'च्या खाली लाल अक्षरात 'वेब डिझाइन' लिहून घेतलं. ते मला येतं का, असं कुणी विचारलं नाही. गावात दुसऱ्या कुणाला येत नसलं की आपल्याला येतं, असं तेव्हा धरून चालायचे.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमचाच समाज. आम्ही शंकराला मानणारी, दुकानदारी करणारी माणसं. समाजाची वधू-वर सूची दरवर्षी पुस्तकरूपानं निघायची. ती छापून हातात येईपर्यंत अर्ध्या मुलींची डोहाळजेवणं झालेली असत. आमचे अध्यक्ष कापडाचे मोठे व्यापारी. ते एका लग्नाला पुण्याला गेले आणि तिथल्या कुणाची तरी वेबसाइट बघून आले. मला बोलावून म्हणाले, "पुण्याच्या लोकांची हाय, मग आपली कावून न्हाई?" एवढ्या कारणावर कामं निघायची.

आता बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. वेबसाइटचं पान म्हणजे मुळात साधा मजकूर असतो, आणि त्यात 'हे ठळक कर, इथं फोटो लाव' अशा सूचना पेरलेल्या असतात. त्या सूचना आपण हातानं लिहू शकतो, अगदी साध्या लिहायच्या प्रोग्राममध्ये. किंवा एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं, आपण चित्रं मांडायची आणि सूचना त्यानं लिहायच्या. हातानं लिहिणं म्हणजे पाटावर शेवया वळणं. वेळ जातो, पण प्रत्येक शेवई आपल्या बोटाखालून जाते. सॉफ्टवेअर सरकारी कारकुनासारखं असतं, एका ओळीच्या कामाला दहा ओळी लिहितं आणि त्यातल्या नऊ कशासाठी हे त्यालाही सांगता येत नाही.

मी अर्थातच सॉफ्टवेअर निवडलं. सीडीच्या खोक्यावर पृथ्वीचा गोल होता आणि गोलाभोवती विजा चमकत होत्या. हत्यार निवडण्याची माझी कसोटी तेव्हा एवढीच होती.

पान काय सजवलं म्हणता! डोक्यावर उडता मोर, खाली डावीकडून उजवीकडे धावणारं 'शुभमंगल सावधान', पान उघडताच सनई. उद्घाटन माझ्याच क्लासात झालं. पान माझ्याच मशिनमध्ये साठवलेलं, त्यामुळं टिचकी मारताक्षणी उघडलं. टाळ्या पडल्या. मी पदर सावरून नमस्कार वगैरे केला. आठवडाभरानं आष्टीहून एका सभासदांचा फोन आला. त्यांनी टेलिफोनच्या लाइनीवरून आपली वेबसाइट उघडायला घेतली होती. शांतपणे म्हणाले, "अक्का, मोराची मान आलीया. धड अजून रस्त्यात हाय." तोवर त्यांचा चहा पिऊन झाला होता. सनई सुरू झाली तेव्हा लाइन तुटली.

मग मोर गेला, सनई गेली, सीडीही गेली, आणि मी सगळी पानं हातानं लिहायला बसले. एवढ्यावर शहाणपण थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण फोटो हलके करता येतात हे मला कळलं, आणि कळल्यावर मी धरबंद सोडला. स्कॅन केलेला फोटो दाबून दाबून लहान करायचा, म्हणजे पान भराभर उघडतं. मी इतके दाबले की चेहऱ्यांचे चौकोन चौकोन झाले. एका मुलीच्या घरी सोयरीक घेऊन आलेल्यांनी पहिला प्रश्न विचारला, मुलीला लहानपणी देवी आल्या होत्या का. त्या मुलीची आई माझ्या दारात येऊन जे बोलली ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पण नियम तिच्यामुळंच सापडला. आईनं लेकीला ओळखलं पाहिजे. ज्या घडीला ती बिचकेल त्याच्या एक पायरी आधी दाबणं थांबवायचं. नातीला हा नियम सांगितला तेव्हा तिनं तो लिहून घेतला. बाकी काहीच लिहून घेतलं नाही.

आता राखणीचं. ज्या गोष्टीसाठी हा सगळा पसारा लिहायला घेतला ती इथून पुढं आहे.

दर वेळी पत्ता बदलला, नोकरी लागली, की लोक चिठ्ठी घेऊन माझ्याकडं यायचे. त्याला कंटाळून मी एक सोय केली. प्रत्येक घराला एक नोंदणी क्रमांक आणि एक गुप्त शब्द. तो घातला की आपल्या मुला-मुलीची माहिती आपणच बदलायची. लग्न ठरलं की 'विवाह ठरला' या चौकोनात खूण करायची. नाव मुख्य यादीतून निघून मागच्या पानावर जायचं, शेजारी हाराचं छोटं चित्र. ही सोय मी कुठल्यातरी फुकटच्या प्रोग्रामला ठिगळं लावून बनवली होती. तो प्रोग्राम मूळ पाहुण्यांचे अभिप्राय नोंदवण्यासाठी होता. त्याला मी सोयरिकी जुळवायला लावलं.

गुप्त शब्द काय ठेवायचा, हे लोकांना सुचेना. मुलीचं नाव नको, गावाचं नाव नको, जन्मतारीख नको, असं मीच बजावलेलं. शेवटी मी परिपत्रक काढलं आणि त्यात युक्ती सांगितली: आपल्या कुलदैवताचं नाव ठेवावं, देवाचं नाव कुणी विसरत नाही. अध्यक्षांनी कौतुक केलं. म्हणाले, अक्कांनी वेबसाइट देवाच्या हवाली केली. मला गुदगुल्या झाल्या.

नोंदणी सुरू झाली त्यात पाटोद्याचे महालिंगअप्पा होते. किराणा दुकान, एकुलती मुलगी. मुलगी ज्योती बीडला मामाकडं राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि आठवड्यातून दोनदा माझ्या क्लासला यायची. शांत मुलगी. हातानं पानं लिहायला माझ्याकडून सगळ्यात आधी तीच शिकली. शांत मुलींबद्दलचे माझे अंदाज जन्मभर चुकत आले आहेत.

चार महिन्यांनी अप्पा क्लासात आले. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अक्का, चार म्हैन्यात एक पाव्हना दारात आला न्हाई. माझ्या धाकल्या भावाच्या पोरीला सहा जागा आल्या, तिचा फोटो तर तुमी पार पिठल्यासारका केलाय. मग माझ्या ज्योतीत खोट हाय, का तुमच्या मशिनीत?"

पोरीला विचारणाच येत नाही म्हटल्यावर पाटोद्याच्या बाजारात कुजबूज सुरू झालेली. अप्पांना पोरीच्या नावाची काळजी होती. मला माझ्या वेबसाइटच्या नावाची, कारण येत्या रविवारी समाजाची बैठक होती आणि अप्पा तिथं हा विषय काढणार होते. दोन काळज्यांत मोठी कुठली, हे तेव्हाच्या मला विचारलं असतं तर तिनं क्षणभरही विचार केला नसता.

मी कामाला लागले. ज्योतीचा फोटो पुन्हा स्कॅन केला. पान आणखी हलकं केलं. किती लोक पान बघतात ते मोजणारा एक आकडा खाली लावला. तो रोज वाढायचा आणि मी खूश व्हायचे. दोन दिवसांनी कळलं की माझ्या मशिनमधली प्रत उघडली तरी तो वाढतोय, म्हणजे मलाच मोजतोय.

गंमत अशी की एवढे महिने मी आमची वेबसाइट गिऱ्हाइकासारखी कधी उघडलीच नव्हती. काम करायचे माझ्या मशिनमधल्या प्रतीवर, आणि तिथं सगळं ठाकठीक. गुरुवारी माझा फोन बंद पडला म्हणून समोरच्या कॅफेत गेले आणि पहिल्यांदाच परक्यासारखी आत शिरले. मुलींच्या यादीत ज्योती नव्हती. मागच्या पानावर होती. नावाशेजारी हार.

बूथवरून अप्पांना फोन केला. ते म्हणाले, "आता लोक म्हनतेल, ठरलं आन मोडलं." तोपर्यंत चार महिने काहीच न घडलेल्या मुलीचं एक मोडलेलं लग्न मी इंटरनेटवर छापून ठेवलं होतं.

पण मला एकच घोर. माझं कुलूप कुणी फोडलं? प्रत्येक वेबसाइट जिथं ठेवलेली असते तिथं एक हजेरीपट असतो. कोण कधी आलं, कुठल्या पानावर गेलं, काय बदललं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडला. ज्योतीच्या नावावरची खूण एका मंगळवारी केलेली होती. वेळ, रात्रीचे दोन.

रात्रीचे दोन म्हटल्यावर मला चोर दिसायलाच लागला. मी काय केलं असेल? बाजारात जाऊन चांगलं जाडजूड कुलूप आणलं आणि क्लासच्या शटरला दुसरं म्हणून ठोकलं. वेबसाइट अमेरिकेतल्या कुठल्याशा मशिनवर होती आणि कुलूप मी बीडच्या शटरला लावत होते. ज्योती त्या वेळी पायरीवर उभी होती. तिनं किल्ली धरायला मला मदतही केली.

रात्री जेवताना हजेरीपटाचे छापून घेतलेले कागद पुन्हा चाळले तर त्यात मी स्वतः रात्री एक वाजता फोटो चढवताना दिसले. मी साडेनवाला झोपते. मग उजेड पडला: मशिन अमेरिकेतलं, तर घड्याळही तिथलंच असणार. तिथले दोन म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. दुपारी साडेबाराला चोऱ्या करणारा चोर म्हणजे क्लासचा विद्यार्थी.

पुढचं सोपं होतं. कॉम्प्युटर आपण कुठली पानं उघडली त्याची यादी ठेवतो. तीन नंबरच्या मशिनमध्ये ते पान सापडलं. क्लासच्या रजिस्टरमध्ये त्या मंगळवारी, त्या तासाला, तीन नंबरसमोर सही होती ज्योतीची.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. मला आनंद झाला. कुलूप फुटलं नव्हतं. घरातल्याच माणसानं घरच्याच किल्लीनं उघडलं होतं. माझी बांधणी पक्की, माझी राखण पक्की. शनिवारी सकाळी अप्पा आले तेव्हा मी तिन्ही कागद त्यांच्यापुढं ओळीनं मांडले आणि वकिलासारखी बोलले. अप्पांनी सही बघितली. लेकीची सही ते ओळखत होते.

"शिकायचं असेल तिला," मी वर मोठ्या समजूतदारपणे म्हणाले.

"आष्टीचं एक स्थळ हाय," अप्पा म्हणाले. "त्यान्ला घाई हाय. आता आमालाबी हाय. परीक्षंचं काय ते सासरचे बघतेल." टोपी घातली आणि गेले.

सासरचे परीक्षेचं काय बघतात हे मला माहीत होतं. माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा माझ्या सासरच्यांनी अशीच बघितली होती. तरी मी त्या दिवशी दुपारी पोटभर जेवले.

संध्याकाळी ज्योती आली. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीसारखा. तीन नंबरच्या मशिनवर बसली आणि मला जवळ बोलावलं.

"मॅडम, कुणाचंबी नाव सांगा."

मी गेवराईच्या एका मुलाचं नाव सांगितलं. तिनं त्याचं पान उघडलं. जन्मतारीख, उंची, शिक्षण असं करत बोट सहाव्या ओळीवर आणलं. कुलदैवत: परळीचा वैजनाथ. वर नोंदणी क्रमांक होताच. तिनं क्रमांक घातला, देवाचं नाव घातलं. दार उघडलं.

दुसरं नाव. दार उघडलं. तिसरं. देव तरी किती असणार आमचे? मोजून चार-पाच. परिपत्रक मी टाइप केलं होतं आणि तो सहा नंबरच्या ओळीचा फॉर्मही मीच, एकाच दिवशी, एकाच बैठकीत. किल्ली कुठली घ्यायची ते लोकांना सांगितलं आणि लगेच ती सगळ्यांच्या दारावर टांगून ठेवली.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून." ती मशिनकडं बघतच बोलली. "सगळ्या समाजाची दारं उघडी होती. मी फक्त माझंच लावून घेतलं. तेबी परीक्षेपुरतं. परीक्षा झाली की खूण काढणार होते."

ती उठली, ओढणी नीट केली.

"तुम्ही हजेरीपट बघितला, रजिस्टर बघितलं, घड्याळाचा हिशेब लावला. मॅडम, मला विचारायचं होतं ना."

ती गेल्यावर मी तीन नंबरसमोर बसले. शेवटी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती माझ्या अकलेतली नव्हती, त्या पोरीनं दाखवलेल्या भगदाडातली होती. कुलूप पक्कं असेल तर ते ज्योतीनंच उघडलं. कुलूप भिकार असेल तर ते कुणीही उघडलेलं असू शकतं. म्हणजे एकतर माझी वेबसाइट शाबूत राहणार होती, नाहीतर ज्योतीचं वर्ष.

रविवारी बैठक माझ्या क्लासातच ठेवायला लावली. अध्यक्ष, पाच-सहा सभासद, मागं कोपऱ्यात अप्पा. मी उभी राहिले आणि म्हटलं, मी बनवलेलं कुलूप कुचकामी आहे, बघा. कुठलंही नाव सांगा. अध्यक्षांनी स्वतःच्या मुलाचं नाव सांगितलं. अध्यक्षांच्या घराला कोण हात लावतंय, असा त्यांचा विश्वास. मी त्यांची सहावी ओळ वाचली, शिंगणापूरचा महादेव, आणि आत गेले. मुलाची उंची पाच फूट चार इंच होती. मी ती सहा फूट केली.

सभासद खुर्च्या पुढं ओढून मशिनभोवती जमले.

मागून अप्पा म्हणाले, "म्हंजी हे कुनीबी करू शकतं?"

"कुणीही, अप्पा. पाटोद्यात बसून, आष्टीत बसून. शनिवारी मी तुम्हाला जे सांगितलं ते माझं कुलूप धड आहे असं धरून सांगितलं होतं. ते धड नाही."

"आन ती सही? तीन नंबरची?"

"त्या तासाला तीन नंबरवर ज्योती होती. माझ्याकडं मुलं मशिनं सोडून पाणी प्यायला जातात, दुसरी येऊन बसतात. मी काही बघत बसत नाही." यात एकही अक्षर खोटं नव्हतं. सगळं खरं होतं असंही नाही.

अप्पा उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की आधी हे कुणी केलं ते निवळू द्या, तोवर आष्टीवाल्यांना थांबवतो, घाईघाईत दिली तर लोकांना खरंच वाटेल की पोरीत काही होतं. कारण पटण्यासारखं होतं. सभासदांनी माना हलवल्या.

माझ्याकडून वेबसाइट काढून घेण्याचा ठराव एकमतानं झाला. ती पुढं बाहेरगावच्या कुणा कंपनीकडं गेली. त्यांनी पानाच्या डोक्यावर सोनेरी कुलपाचं चित्र लावलं आणि समाजाचं समाधान झालं. जाताना अध्यक्ष माझ्याजवळ थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्का, बाकी सगळं पैल्यासारकं करा. उंचीचं ऱ्हाऊ द्या."

समाजातल्या बायका पुढं वर्षभर मला हळदीकुंकवाला बोलावून विचारायच्या, अक्का, आमची तिजोरी तुम्ही तर नाही ना बांधली? मी हसून कुंकू लावून घ्यायचे. लागायचं. पण त्याहून जास्त लागायचा तो शनिवार, आणि त्या दिवशी पोटभर जेवलेली मी.

ज्योतीची परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी अप्पा स्वतः पेढे घेऊन क्लासात आले. पहिल्या वर्गात पास झाली होती, पुढं शिकायचं म्हणत होती, आणि ते नाही म्हणत नव्हते. मुलांना पेढे वाटून झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. मुलं मशिनींवर परतली तशी हळूच म्हणाले,

"अक्का, आता कुनी ऐकत न्हाई. ते तिनंच केलतं ना?"

"अप्पा, कुणीही केलं असेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खोक्यातला एक पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला.

"कुनी का केलं असंना," ते म्हणाले, "बरं केलं."